दाराची परीक्षा बाहेरून

११ ऑगस्ट २००३ नंतरच्या त्या आठवड्यात विंडोज एक्सपी वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या पडद्यावर एक चौकट झळकली. संगणक बंद होत आहे, काम जतन करा, असे ती सांगायची आणि ६० पासून उलटे आकडे सुरू व्हायचे. मिनिटभरात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि इंटरनेट जोडले की थोड्या वेळात तीच चौकट परत हजर. यातल्या कुणी संशयास्पद फाइल उघडली नव्हती की कुठल्या दुव्यावर क्लिक केले नव्हते. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच पुरेसे होते.

हा 'ब्लास्टर' नावाचा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम होता. विंडोजमधली एक अंतर्गत सेवा १३५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारावर, कान लावून बसलेली असते. तिच्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन तो आत शिरायचा. चूक दुरुस्त करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता, पण तो उतरवून घ्यायचा तर इंटरनेट जोडावे लागे, आणि जोडले की पॅच पूर्ण उतरण्याआधीच वर्म पुन्हा आत. यातून सुटायची वाट एक्सपीमध्येच होती: आधी फायरवॉल चालू करा, मग पॅच घ्या. ही फायरवॉल २००१ पासून प्रत्येक एक्सपीमध्ये होती, फक्त ती बंद ठेवून दिलेली होती. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ हा एक्सपीचा मोठा सुधारणा-संच आला आणि ती आपोआप चालू राहू लागली. घरगुती संगणकाच्या सुरक्षेत त्या एका बदलाने जे साधले, ते विकत मिळणाऱ्या कुठल्याही पॅकेजने साधले नाही, असे माझे ठाम मत आहे.

फायरवॉल हा शब्द बांधकामातला. एका इमारतीची आग शेजारच्या इमारतीत जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली जाड भिंत. मराठीत कुणी 'अग्निभिंत' म्हणतात, पण भिंतीला काही आठवत नाही आणि फायरवॉलचे सगळे कसब आठवणीत आहे. तिला जुन्या वाड्याची देवडी म्हणणे मला जास्त पटते. आतून कोण, कुठे, कशासाठी बाहेर गेले हे देवडीवरचा माणूस ध्यानात ठेवतो. त्याचे उत्तर घेऊन कुणी आले तर आत सोडतो. न बोलावता आलेल्याला दारातच थांबवतो.

संगणकात हे असे घडते. इंटरनेटवर बोलण्याच्या टीसीपी या नेहमीच्या पद्धतीत ० ते ६५,५३५ इतके पोर्ट असतात. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडता तेव्हा तुमचा संगणक स्वतःचा एक पोर्ट निवडून समोरच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी बोलणे सुरू करतो. दोन्ही बाजूंचे पत्ते आणि पोर्ट फायरवॉल टिपून ठेवते. या नोंदीत बसणारे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, आत येते, न बसणारे टाकून दिले जाते. म्हणूनच रोजच्या वापरासाठी, बँकेच्या कामासाठी किंवा व्हिडिओ कॉलसाठीसुद्धा बाहेरच्यांना एकही दार मुद्दाम उघडून द्यावे लागत नाही. एखाद्या तंत्रज्ञाने 'नेट नीट चालावे म्हणून फायरवॉल बंद केली' असे सांगितले, तर ते कारण खरे नसते.

आता ही देवडी चोख आहे की नाही, हे ठरवायचे कसे? इथे बहुतेकांची फसगत होते. पूर्वीच्या अनेक पर्सनल फायरवॉल दर काही मिनिटांनी लाल खिडकी दाखवत: अमुक ठिकाणाहून हल्ला झाला, आम्ही तो रोखला. आकडा जितका मोठा तितकी फायरवॉल चांगली, असे वाटायचे. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' हे साधन पुढे आणले. एका साध्या सर्व्हरवरून, गिगाबिट जोडणी असेल तर, आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे संपूर्ण पत्ताविश्व, म्हणजे ४ अब्जांहून अधिक पत्ते, ४५ मिनिटांच्या आत एकदा ठोठावून होतात. इंटरनेटवर दारावरच्या टकटकी अखंड चालूच असतात. त्या मोजणे म्हणजे छपरावर पडलेले थेंब मोजून कौलांची पारख करणे. पारख करायची तर आत ओल आली का ते पाहायचे.

त्यासाठी दाराबाहेर उभे राहून स्वतः ठोठावावे लागते. एखाद्या पोर्टला जोडणीची विनंती पाठवली की तीनपैकी एक गोष्ट होते. 'या' असे उत्तर आले तर पोर्ट उघडा. 'इथे कुणी नाही' असे उत्तर आले तर बंद. काहीच उत्तर आले नाही तर फायरवॉलने पॅकेट गिळले. या तिसऱ्या अवस्थेचे काही जण फार कौतुक करतात, जणू संगणक अदृश्यच झाला. तसे नसते. पत्त्यावर खरोखर कुणी नसेल तर अलीकडचा राउटर बहुधा 'तिथे पोहोचता येत नाही' असे कळवतो, त्यामुळे संपूर्ण शांतता हीसुद्धा एक खूणच असते. बंद आणि गप्प या दोन्ही अवस्थांत कुणी आत येऊ शकत नाही. लक्ष द्यायचे ते फक्त उघड्या पोर्टकडे.

हे ठोठावणे त्याच संगणकावर बसून करून उपयोग नाही, कारण स्वतःशी बोलणारी पॅकेट वेगळ्या वाटेने जातात. घरातला दुसरा संगणक घ्या किंवा फोनवर पोर्ट तपासणारे साधे ॲप घ्या, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, आणि १३५, ४४५, ३३८९ हे तीन पोर्ट तरी तपासा. ४४५ वरून फाइल आणि प्रिंटर सामायिक होतात. २०१७ च्या 'वॉनाक्राय' या खंडणी मागणाऱ्या वर्मने याच वाटेने धुमाकूळ घातला. ३३८९ वरून दुसऱ्याचा पडदा दूरून चालवता येतो.

यापुढची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सहसा गाळली जाते. फायरवॉल मिनिटभर मुद्दाम बंद करा आणि तीच तपासणी पुन्हा करा. घरच्या वायफायवर, शेजारी बसून, एवढ्याने काही बिघडत नाही. चालू असताना ४४५ गप्प होता आणि बंद केल्यावर उघडा दिसला, तर फायरवॉल काम करते याचा पुरावा हातात आला. दोन्ही वेळा एकच निकाल आला, तर तुम्ही फायरवॉल तपासतच नव्हता, दुसरेच काहीतरी तपासत होता. प्रयोगशाळेत औषध दिलेल्या रोपाशेजारी औषध न दिलेले रोप ठेवतात, ते याच कारणासाठी. परत चालू करायला मात्र विसरू नका.

इंटरनेटवरच्या तपासणी-सेवांचा घोटाळा इथेच उलगडतो. गिब्सन रिसर्चची 'शील्ड्स अप' ही त्यातली जुनी आणि प्रामाणिक सेवा, पण ती ठोठावते ते घरच्या राउटरचे दार. बऱ्याच भारतीय जोडण्यांत तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, म्हणजे ठोठावले जाते ते कंपनीचे यंत्र. तिथे पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी तुमच्या संगणकाबद्दल काहीच कळत नाही. वरचा प्रयोग इथेही करून बघा: संगणकाची फायरवॉल बंद करा, गुण तेच राहतील. 'राउटर आहे ना' म्हणून निर्धास्त राहणेही आता पूर्वीसारखे चालत नाही. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, आणि त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे एकेक करत सगळे ठोठावणे कुणालाच शक्य नाही, पण तुम्ही ज्या संकेतस्थळाला भेट देता त्याला तुमचा पत्ता कळतोच.

मांडणीचे काम मात्र थोडेच आहे. विंडोज १० किंवा ११ असेल तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये फायरवॉलचे पान उघडा, तिन्ही प्रकारच्या नेटवर्कसमोर ती चालू दिसली पाहिजे. घरचे वायफाय 'प्रायव्हेट' (विश्वासाचे) ठेवा, बाकी सगळे 'पब्लिक' (परके). मॅकवर ती सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर 'यूएफडब्ल्यू' ही तिथली फायरवॉल हाताने सुरू करावी लागते. कोण कान लावून बसले आहे हे पाहायला विंडोजच्या 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये 'लिसनिंग पोर्ट्स' अशी यादी आहे. प्रत्येक ओळीपुढे फायरवॉलची परवानगी आहे की नाही तेही लिहिलेले असते. त्यात १२७.०.०.१ किंवा 'लूपबॅक' दिसले तर ते संगणकाचे स्वतःशीच चाललेले बोलणे, त्याची काळजी नको.

एका खिडकीबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. नवे ॲप पहिल्यांदा सुरू केल्यावर विंडोज परवानगी मागते, आणि 'नाही' म्हटले तर ॲपचे इंटरनेट तुटेल या भीतीने लोक 'हो' म्हणतात. तो प्रश्न बाहेर जाण्याचा नसतो. बाहेरच्यांनी न बोलावता या ॲपकडे यावे का, असे ती विचारत असते. आधी 'नाही' म्हणा. काही खरेच अडले, तर परवानगी नंतर देता येते.

बाहेर जाणारी वाहतूक अडवावी का, यावर २००० च्या आसपास मोठा वाद रंगला होता. एक्सपीनंतरच्या विस्टापासून विंडोजमध्ये ती सोय आहे, पण मुळात सगळ्यांना बाहेर जाऊ दिले जाते. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी विचारणारी फायरवॉल घरच्या माणसांना आठवडाभरात थकवते आणि मग ती न वाचता 'हो' दाबू लागतात. शिवाय आत शिरलेला दुष्ट प्रोग्रॅम ब्राउझरच्या आडून बोलू शकतो. फोनवरून कुणी गोड बोलून दूरून स्क्रीन चालवणारे ॲप घ्यायला लावले, तर ती जोडणी आतूनच सुरू झालेली असते, देवडीच्या दृष्टीने आपलाच माणूस बाहेर गेलेला असतो. तिथे फायरवॉल काही करू शकत नाही. आणि जास्त हुशार फायरवॉल म्हणजे जास्त सुरक्षित असेही नाही. मार्च २००४ मध्ये आलेला 'विटी' हा वर्म 'ब्लॅकआइस' या फायरवॉलमधल्याच चुकीतून आत शिरला. येणारी पॅकेट बारकाईने वाचणारा तिचा भागच सदोष होता. सुमारे १२,००० संगणकांना लागण झाली आणि त्यांच्या डिस्कवरची माहिती हळूहळू पुसली गेली.

गेल्या वर्षी सांगलीला मावशीकडे गेलो असताना तिच्या लॅपटॉपला फोनवरून ठोठावून पाहिले. तपासलेले तिन्ही पोर्ट उघडे होते. फायरवॉल पूर्ण बंद होती. काकांच्या संगणकावरून मावशीच्या लॅपटॉपला जोडलेला प्रिंटर चालेना, म्हणून दुरुस्तीला आलेल्याने ती बंद केली होती आणि प्रिंटर लगेच चालू झाल्याने कुणाला शंका आली नाही. आम्ही ती चालू केली, घरचे वायफाय 'प्रायव्हेट' केले आणि परवानग्यांच्या यादीत फाइल-प्रिंटर सामायिक करण्यापुढे फक्त 'प्रायव्हेट'ची खूण ठेवली. काकांनी एक पान छापून पाहिले, आले. मी पुन्हा ठोठावले: ३३८९ गप्प, ४४५ मात्र उघडाच. मावशी घाबरली. पण तो आता प्रिंटरसाठी आपण स्वतः उघडलेला होता, आणि घरापुरताच. लेकीकडे पुण्याला जाताना ती हाच लॅपटॉप नेते आणि बसमध्ये फोनच्या हॉटस्पॉटला जोडते, म्हणून शेवटी तोही प्रयोग केला. हॉटस्पॉट 'पब्लिक' ठेवला, लॅपटॉप त्याला जोडला आणि फोनवरून ४४५ ला ठोठावले. काही उत्तर आले नाही.