नॅरोबोट सहल

नॅरोबोट सहल : इंग्लंड आणि वेल्समधील जुन्या मालवाहू कालव्यांवर अरुंद, लांबोडकी होडी भाड्याने घेऊन, ती स्वतः चालवत आणि तिच्यातच मुक्काम करत घालवलेली सुट्टी. सहल बहुधा तीन-चार रात्रींची किंवा आठवड्याची असते. केरळच्या हाउसबोटीवर चालक आणि स्वयंपाकी होडीबरोबरच येतात. इथे सुकाणू, इंजीन, दोरखंड, स्वयंपाक आणि संडासाची टाकी हे सगळे पाहुण्याच्याच गळ्यात पडते. त्यासाठी परवानाही लागत नाही. आयुष्यात कधी वल्हे हाती न धरलेल्या माणसाला तासाभराच्या शिकवणीवर पंधराएक टनांची पोलादी होडी सोपवली जाते, आणि बहुतेक जण ती आठवड्याने धडपणे परत आणतात.

मराठी वाचकाला ‘कालवा’ म्हटले की पाटाचे पाणी, पाळी आणि ऊस आठवतो. हे कालवे शेतीसाठी खोदलेले नाहीत. ते पाण्याचे रस्ते आहेत. त्यांतले पाणी बहुतेक ठिकाणी जवळजवळ स्थिर असते आणि त्याने शक्यतो जागचे हलू नये, हीच खोदणाऱ्यांची इच्छा होती.

सात फुटांचा हिशेब

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या वर्स्ली येथील खाणींचा कोळसा मँचेस्टरला नेणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्यावर काम केलेल्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने पुढे ट्रेंट अँड मर्सी कालवा आखला. त्याचे काम १७६६ मध्ये सुरू होऊन १७७७ मध्ये, ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर, पुरे झाले. त्या कालव्यावरची लॉक, म्हणजे होडीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे जलपाश, त्याने सुमारे ७२ फूट लांब आणि अवघी ७ फूट रुंद ठेवली. अरुंद लॉकला पाणी कमी लागते आणि अरुंद बोगद्याला खर्च. पुढे मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, बहुतेक कालव्यांनी हेच माप उचलले. म्हणून होडी ६ फूट १० इंच रुंद झाली, आणि आज सुट्टीला आलेले जोडपे रात्री चार फुटी पलंगावर एकमेकांना कोपर मारत झोपते, त्याचे मूळही तिथेच आहे.

सुरुवातीला या होड्या काठावरून चालणारा घोडा ओढत असे. तो काठ अजूनही टोपाथ म्हणूनच ओळखला जातो. रेल्वे आल्यावर भाडी घसरली. घरभाडे आणि जादा माणसाची मजुरी वाचवण्यासाठी नावाड्यांनी बायकामुले होडीवर आणली. माल जास्तीत जास्त मावावा म्हणून कुटुंबाच्या वाट्याला पिछाडीची सुमारे दहा फुटांची खोली येई. दारे, बादल्या, डबे यांच्यावर गुलाब आणि किल्ले रंगवण्याची त्यांची कला आता भाड्याच्या होड्यांवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांत दिसते.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला मालधंदाही जवळपास आटोपला. पण कालवे बुजवू नयेत यासाठीची चळवळ आधीच उभी राहिली होती. टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन या लेखकांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये इनलंड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने काही कालव्यांना करमणुकीच्या नौकानयनासाठी राखण्याचा दर्जा दिला. हिशेबापुरते बोलायचे तर कालवे वाचवले ते सुट्टीवाल्यांनी. आज इंग्लंड-वेल्समधील सुमारे ३,२०० किमी जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

होड्या भाड्याने देण्याचा धंदा नॉर्फक ब्रॉड्समध्ये अधिक जुना आहे, पण तो प्रकार वेगळा. ब्रॉड्स ही मध्ययुगात पीट, म्हणजे जळणासाठीची दलदलीतली माती, खणून झालेल्या खड्ड्यांत पाणी भरून तयार झालेली तळी. तिथे लॉक नाहीत, भरती-ओहोटी आहे आणि होड्या रुंद, फायबरच्या असतात.

आतली जागा

भाड्याच्या नॅरोबोटी साधारण ३० ते ७० फुटांच्या असतात. भिंतींची जाडी वजा जाता आत सहा फूटही रुंदी उरत नाही, त्यामुळे खोल्या रेल्वेच्या डब्यासारख्या एकामागे एक येतात. मागच्या माणसाला पुढे जायचे तर पुढच्याने अंग चोरायचे. जेवणाचे टेबल रात्री पलंग होते. गॅसची शेगडी, फ्रिज, शॉवर, पाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी असते. ओटा हातभर असल्यामुळे पोळ्या लाटायच्या तर बाकीच्यांना बाहेर पिटाळावे लागते. वरणभात-खिचडीवर मात्र आठवडा सुखाने निघतो. दिवे आणि फ्रिज इंजिनावर भारित होणाऱ्या बॅटऱ्यांवर चालतात. केस वाळवायचे यंत्र बहुधा चालत नाही. बंदिस्त जागेत गॅस आणि कोळशाची शेगडी असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा गजर आवश्यक असतो. तो वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग सगळीकडेच असतात.

होडी दुपारी ताब्यात मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास परत द्यावी लागते. म्हणजे शेवटची रात्र होडी परत द्यायच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावरच काढायची. सात रात्रींचा बेत आखताना नवखे नेमके हेच विसरतात.

चालवणे

सुकाणूची दांडी डावीकडे ढकलली की होडीचे नाक उजवीकडे जाते. पहिल्या तासात हे डोक्याला कळते, पण हाताला कळत नाही. होडी गाडीसारखी पुढून वळत नाही, ती मध्यावर फिरते; त्यामुळे नाक वळले की पिछाडी विरुद्ध दिशेला सरकते आणि काठावर आपटते. ब्रेक नसतो. थांबायचे तर इंजीन उलटे फिरवायचे, आणि उलट्या इंजिनावर सुकाणू जवळपास काम करत नाही. समोरून होडी आली तर आपण उजवीकडे सरकायचे, हे भारतीय सवयीच्या उलट.

वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत. प्रत्यक्षात तेवढाही वेग मिळत नाही. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना इंजीन अगदी मंद करावे लागते, नाहीतर लाटेच्या ओढीने त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतून कोणीतरी चहाचा कप हातात घेऊन ओरडते. उथळ कालव्यात जोर वाढवला तर होडीचे बूड खाली बसते, पाणी घुसळते आणि काठ ढासळतो. वेग वाढत नाहीच. टोपाथवरून कुत्रा फिरवणारी आजी सहज पुढे निघून जाते.

रोज सकाळी तेलाची पातळी बघणे, होडी ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याजवळचे ग्रीस पिळणे, पाणी भरणे ही कामे. पंख्यात काही अडकले तर इंजीन बंद करून, किल्ली काढून, पिछाडीचे झाकण उघडायचे आणि गार पाण्यात हात घालायचा. पिशव्या, दोर, कपडे, तार असे काहीही हाती लागते. मुंबईच्या पावसाळ्यात ऐकू येणारा लेप्टो इथल्या पाण्यातही आहे, म्हणून जखम झाकून ठेवणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे आवश्यक.

लॉक

सहलीचा खरा गाभा लॉक हाच. दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी किंवा विटांची पेटी म्हणजे पाण्याचा जिना. वर जायचे असेल तर पेटीतले पाणी खालच्या पातळीवर आणायचे, खालची दारे उघडून होडी आत घ्यायची, दारे लावायची आणि वरच्या झडपा उघडून पेटी भरायची. पाण्याची पातळी दोन्ही बाजूंना सारखी झाली की वरचे दार उघडते. त्याआधी चार माणसांनी जोर लावला तरी ते हलत नाही. झडपांना पॅडल म्हणतात. त्या उघडण्यासाठी विंडलास नावाचा काटकोनी लोखंडी हँडल लागतो. दाराचा लांब लाकडी दांडा हातांनी ढकलायचा नसतो. त्याला पाठ टेकून पायांनी रेटायचे.

इंजीन नाही, वीज नाही. अडीचशे वर्षांपूर्वीची युक्ती जशीच्या तशी चालते, आणि मजुरी पाहुणे स्वतः पैसे भरून करतात.

धोके दोन लक्षात ठेवावेत. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. खाली उतरताना पिछाडी त्याच्यावर राहिली तर पाणी ओसरते तशी ती अडकते, नाक खाली जाते आणि होडी बुडू शकते. उंबऱ्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. होडी तिच्या पुढे ठेवायची. अडकलीच तर खालच्या झडपा तत्काळ बंद करायच्या आणि वरच्या सावकाश उघडायच्या. दुसरा धोका विंडलासचा. झडप वर असताना हँडल तसाच अडकवून सोडला आणि झडप धरून ठेवणारा खटका सुटला, तर तो गरगर फिरतो आणि हाताचे हाड मोडू शकतो. लॉकमध्ये दोर खुंटाला गच्च बांधून ठेवणेही घातक, कारण पाणी उतरते आणि होडी टांगली जाते.

एक अरुंद लॉक एकदा वापरले की साधारण एक लाख लिटर पाणी खाली जाते. म्हणून समोरून कोणी येत असेल आणि लॉक त्याच्या बाजूने तयार असेल तर त्याला आधी येऊ द्यावे, असा संकेत आहे. घाईत पेटी रिकामी करून घेणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते ती विसरता येत नाही. पुलावर उभे राहून ही सगळी तारांबळ बघणाऱ्या बघ्यांना कालव्यावर ‘गॉन्गूझलर’ असा खास शब्द आहे.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे : मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागायचे, तेवढे तास लागतात. फोर काउंटीज रिंग हा लोकप्रिय वर्तुळाकार मार्ग ११० मैल आणि ९४ लॉकचा आहे, म्हणजे सुमारे ६८ तास. आठवड्यात तो होतो, पण रोज नऊ-दहा तास राबून. पहिल्या खेपेला निम्म्याच अंतराचा बेत करावा. टार्डेबिगला लागोपाठ ३० लॉक ६७ मीटर चढतात. डिव्हायझेसच्या केन हिलवर २९ आहेत, पण ती रुंद, दोन नॅरोबोटी शेजारी मावतील अशी. बिंगलीला १७७४ पासून पाच लॉक मध्ये जागा न सोडता एकाला एक जोडलेली आहेत. तिथे झडपांचा क्रम चुकला तर पाणी कुठेही जाऊ शकते, म्हणून रखवालदार सांगेल तेच करायचे.

ट्रेंट अँड मर्सीवरचा हेअरकॅसल बोगदा सुमारे २.७ किमी लांब आहे. आत एका वेळी एकाच दिशेने होड्या सोडतात. आज वापरात असलेला बोगदा १८२७ चा, अभियंता टॉमस टेलफर्डचा; ब्रिंडलीचा जुना शेजारी बंद पडून आहे. पाऊण तास अंधार, डोक्यावर गळणारे पाणी आणि स्वतःच्या इंजिनाचा घुमणारा आवाज. लहान मुलांना हा भाग एकतर फार आवडतो किंवा अजिबात नाही.

मुक्काम आणि ऋतू

टोपाथच्या बाजूला, मनाई नसेल तिथे, होडी फुकट बांधता येते. लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोकायच्या आणि पुढचा-मागचा दोर बांधायचा. रात्री आठ ते सकाळी आठ इंजीन बंद ठेवावे, ही अपेक्षा. होडी कालव्याच्या रुंदीहून लांब असल्यामुळे मनात आले तिथे माघारी वळता येत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणी काठ खोबणीसारखा रुंद केलेला असतो. त्याला ‘विंडिंग होल’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘विंड’चा उच्चार वाऱ्याच्या इंग्रजी शब्दासारखा. अशा दोन जागांमध्ये काही मैल जाऊ शकतात, त्यामुळे नकाशा आधी बघावा.

हंगाम मार्च ते ऑक्टोबर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटले की माथ्यावरचे कालवेही बंद होतात. नद्यांना जोडणाऱ्या भागांत पावसानंतर प्रवाह वाढतो आणि भाड्याच्या होड्यांना तिथे मज्जाव होतो. शाळांच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, भाडे सर्वांत चढे. डिझेल आणि नुकसानीची अनामत त्यात धरली आहे की नाही, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे.

लँगोलेन कालवा

सुट्टीवाल्यांच्या सर्वांत आवडत्या मार्गांपैकी हा एक. त्यावरचा पाँट्कसल्टे जलसेतू टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधला. तो १८०५ मध्ये खुला झाला आणि २००९ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. डी नदीच्या वर ३८ मीटर उंचीवर, ३०७ मीटर लांबीच्या ओतीव लोखंडाच्या पन्हळीतून होडी जाते. एका बाजूला टोपाथ आणि कठडा, दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड फक्त वीतभर वर; तिथे कठडा नाही. सुकाणूवरचा माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून थेट दरी बघतो.

लँगोलेनकडे जाताना लागणारा वेळ परतताना लागत नाही, कारण हा कालवा वाहता आहे. हॉर्सशू फॉल्स या बंधाऱ्यापाशी डी नदीचे पाणी त्यात घेतले जाते आणि ते पार हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत जाते. १९४४ मध्ये संसदेच्या कायद्याने हा मार्ग नौकानयनासाठी रद्द झाला होता. तरीही तो बुजवला गेला नाही, कारण त्यातून पाणी न्यायचे होते. पुढे चेशरच्या पिण्याच्या पाण्याचा करार झाला आणि देखभालीला पैसा मिळाला. आज भाड्याच्या होड्यांची रांग लागते ती या पाटावर.