डिजिटल संगीताचा नक्कल-प्रतिबंध

पैसे भरून डाउनलोड केलेले गाणे किती यंत्रांवर वाजेल, त्याची नक्कल होईल का आणि ते दुसऱ्याला देता येईल का, हे विक्रेत्याने फाइलमध्येच बांधून टाकण्याची पद्धत. बोलताना सगळे तिला डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट) म्हणतात. २००३ ते २००९ हा तिचा ऐन भराचा काळ. फुकट गाणी वाटणाऱ्यांचे तिने फारसे काही बिघडवले नाही. रीतसर दाम मोजणाऱ्याला मात्र पुरते जेरीस आणले. इंदूरमध्ये मराठी गाण्याचे दर्दी पुष्कळ, पण ॲपलचे गाण्यांचे ऑनलाइन दुकान तिथे अधिकृतपणे पोहोचलेलेच नव्हते; त्यामुळे तिथे हा त्रास आडवाटेने आला.

कार्यपद्धती : ॲपलचे आयट्यून्स स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत उघडले. गाण्याला ९९ सेंट आणि सोबत ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप. गाणे सांकेतिक रूपात साठवलेले असे. ते उघडणारी किल्ली त्याच फाइलमध्ये असे, पण तीही ग्राहकाच्या खात्याच्या किल्लीने बंद केलेली. ही दुसरी किल्ली मिळवायची तर संगणकाने कंपनीच्या सर्व्हरकडे नोंद करायची. एका खात्यावर सुरुवातीला तीन आणि २००४पासून पाच संगणकांना परवानगी होती. गंमत अशी, की हेच गाणे साध्या सीडीवर उतरवायला मुभा होती आणि त्या सीडीवरून पुन्हा एमपी३ करायला कोणाची आडकाठी नव्हती. आवाजाचा दर्जा तेवढा घसरत असे.

मायक्रोसॉफ्टने २००४मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ ही वेगळी पद्धत आणली. तिची गाणी ॲपलच्या आयपॉड या प्लेअरवर वाजत नसत आणि आयट्यून्सची इतर कंपन्यांच्या प्लेअरवर वाजत नसत. कहर म्हणजे २००६मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचाच झून हा प्लेअरही ‘प्लेज फॉर शुअर’ची गाणी वाजवेना.

सीडीवरचे प्रयोग त्याहून अवघड जागेचे दुखणे ठरले. २००२मध्ये काही संरक्षित सीडींच्या कडेला मार्कर पेनने रेघ ओढली की संरक्षण निकामी होते, असे लोकांच्या ध्यानात आले. सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजमध्ये गुपचूप एक लपलेली प्रणाली बसवतात, हे संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी उघड केले. ती काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनाने संगणकाला नवेच भगदाड पडले आणि अखेर सीडी परत घ्याव्या लागल्या.

तक्रारींचे मूळ : मनस्तापाचे खरे कारण २००८ साली समोर आले. मायक्रोसॉफ्टचे एमएसएन म्युझिक हे गाण्यांचे ऑनलाइन दुकान आधीच बंद पडले होते. परवाने देणारे सर्व्हर ३१ ऑगस्टनंतर चालणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी कळवले. म्हणजे संगणक बदलला की गाणी मुकी. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. याहू आणि वॉलमार्ट यांनीही त्याच वर्षी तशाच घोषणा केल्या. याहूने भरपाई देऊ केली, वॉलमार्टने निर्णय मागे घेतला. आपण गाणे विकत घेतले नव्हते, दुकान चालू असेपर्यंत ऐकण्याची परवानगी घेतली होती, हे गिऱ्हाइकाला तेव्हा उमगले.

इंदूरजवळ पिगडंबर येथे लता मंगेशकरांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्डचे संग्रहालय आहे. तिथली ७८ गतीची तबकडी वाजवायला सुई आणि फिरती थाळी पुरते, ती काढणारी कंपनी हयात असो वा नसो.

इंदूरमधील अनुभव : भारतात आयट्यून्स स्टोअर ४ डिसेंबर २०१२ रोजी आले. तोवर अमेरिकेतल्या मुलाने घेतलेले नाट्यपद रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या आईवडिलांना ईमेलने धाडले, तर इथे फाइल पोहोचे, नाव दिसे, आणि वाजवायला जावे तो संगणक खात्याचा पासवर्ड मागे. मग फोनवरून एकेक अक्षर सांगून पासवर्ड घालायचा आणि पाचांतली एक जागा अडवायची. इथले जोडणीचे संगणक व्हायरस शिरला की फॉरमॅट होत. त्याआधी नोंद रद्द करायचे कोणाच्या गावी नसे, म्हणून ती जागा वाया जाई आणि तोच संगणक नवा म्हणून पुन्हा मोजला जाई. सगळ्या नोंदी एकदम पुसण्याची सोय होती, पण वर्षातून एकदाच.

गणेशोत्सवात आणखी पंचाईत. मुलींच्या नाचासाठी गाणे कापायचे, दोन गाण्यांचे तुकडे जोडायचे आणि पेनड्राइव्ह साउंडवाल्याच्या हातात द्यायचा, ही मंडळांची नेहमीची रीत. कुलूपबंद फाइल ऑडासिटी या गाणी कापण्या-जोडण्याच्या प्रणालीत उघडत नाही आणि साउंडवाल्याच्या यंत्रावर तर मुळीच वाजत नाही. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यालाही हाच अडथळा : एक तान संथ करून पुनःपुन्हा ऐकायची म्हटले तरी फाइल हाताळता येईना. उस्ताद अमीर खाँ यांच्या शहरात अतिविलंबित ख्यालांचे चाहते कमी नाहीत. पण दहा मिनिटांहून लांबलेली ध्वनिमुद्रणे आयट्यून्सवर बहुधा सुटी मिळत नसत, पूर्ण अल्बमच घ्यावा लागे.

जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत या सगळ्याचा मागमूस नव्हता. मेमरी कार्ड पुढे करायचे आणि ‘जुनी मराठी भरून द्या’ म्हणायचे. चहा होईतो कार्ड तयार. त्या गाण्यांना कुलूप नाही, पासवर्ड नाही, आणि गायक-वादकांना त्यातून छदामही नाही. उलट मोबाइल कंपनीकडून पैसे देऊन घेतलेली रिंगटोन ब्लूटूथने मैत्रिणीला पाठवू गेले तर फोन नकार देई, कारण अशा फाइलींवर ‘फॉरवर्ड लॉक’ असे. चोरीचा माल सुटसुटीत आणि विकतचा जाचक, अशी तुलना गिऱ्हाइकापुढे रोजच होत असेल तर त्याला प्रामाणिकपणाचे धडे देण्यात अर्थ नव्हता.

माघार : फेअरप्ले काढून टाकणारी ‘प्लेफेअर’ ही प्रणाली एप्रिल २००४मध्ये ॲपलच्या नोटिशीमुळे सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून हटली आणि थेट ‘सरोवर’ या भारतीय संकेतस्थळावर आली. नोटीस तिथेही पोहोचली. पुढे तीच प्रणाली ‘हिम’ (Hymn) या नावाने फिरत राहिली. ६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी उघड पत्र लिहून हिशेबच मांडला : २००६मध्ये कुलूपबंद गाणी ऑनलाइन विकली गेली २ अब्जांहून कमी, तर त्याच संगीत कंपन्यांनी सीडीवर बिनकुलपाची विकली २० अब्जांहून जास्त. कुलूप लावण्याचा आग्रह ॲपलचा नसून कंपन्यांचा आहे, हा त्यांचा मुद्दा. त्या कुलपामुळे गिऱ्हाईक आयपॉडला जखडले गेले, हे मात्र पत्राने सोयीस्करपणे हलके केले. ईएमआय ही संगीत कंपनी आधी नमली, सप्टेंबर २००७मध्ये ॲमेझॉनने बिनकुलपाचे एमपी३ विकायला घेतले आणि जानेवारी २००९मध्ये ॲपलने गाण्यांवरचे फेअरप्ले उठवल्याचे जाहीर केले. आधी घेतलेली गाणी मोकळी करून घ्यायला मात्र दर गाण्यामागे ३० सेंट.

भारतात फ्लिपकार्टने २०१२मध्ये ‘फ्लाइट’ या आपल्या ऑनलाइन दुकानात बिनकुलपाची गाणी विकली. ते दुकान २०१३मध्ये बंद झाले, तरी उतरवून घेतलेली गाणी वाजतच राहिली. स्ट्रीमिंगमध्ये मात्र कुलूप परतले आहे. स्पॉटिफायवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते, आणि एअरटेलने २०२४मध्ये विंक हे गाण्यांचे ॲप बंद केल्यावर त्यात साठवलेली गाणी ॲपबरोबरच गेली.

कायदा : २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अधिनियमाने मना न केलेल्या कामासाठी ते तोडण्यास मुभा आहे. त्या कामी दुसऱ्याला मदत करणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता, तपशील आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अट आहे. कुलूपबंद गाणे ग्राहकाला स्वतःपुरते मोकळे करून देणाऱ्या जेल रोडच्या दुकानदाराने कायदा पाळायचा म्हटला, तर काउंटरवर त्यासाठी वेगळी वही ठेवावी लागेल.