सेवक-नेतृत्व

सेवक-नेतृत्व म्हणजे ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने तो हाताखालच्या माणसांच्या भल्यासाठी वापरायचा, ही ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली कल्पना. आजकाल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्याचं मूळ बायबलमध्ये आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं, आणि चर्चमधल्या लोकांना मूळ पाठ असतं पण सोमवारी ऑफिसात त्याचं नेमकं काय करायचं ते कळत नाही.

मूळ प्रसंग योहानकृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राच्या, १३व्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, जे काम त्या काळी घरातला नोकर करायचा. पेत्र हा शिष्य आधी नाहीच म्हणतो, कारण वरच्याने खाली वाकलं की खालच्यालाच जास्त अवघडल्यासारखं होतं. इथे एक गोष्ट सहसा निसटते, ती म्हणजे येशू आपलं पद सोडत नाही, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे असंच तो म्हणतो. म्हणजे साहेब असणं चुकीचं नाही, साहेबपणा कशासाठी वापरला हा प्रश्न. आणि ज्यांचे पाय धुतले त्यात येशूला दगा देणारा यहूदाही होता, तो नंतर उठून गेला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातही तेच, याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजव्या-डाव्या बाजूची जागा मागतात, बाकीचे दहा शिष्य चिडतात (प्रमोशनच्या यादीनंतर होतं तसं), आणि येशू सांगतो की तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं.

पण बायबलमधली कामाबद्दलची सगळी वचनं अशी सरळ नाहीत. कलस्सैकरांस पत्रातलं 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा' हे वचन लोक टेबलावर फ्रेम करून ठेवतात, ते मुळात गुलामांना उद्देशून आहे, आणि पुढे अमेरिकेतल्या गुलाममालकांनी अशाच वचनांचा आधार घेतला. त्याच पत्रात धन्यांनाही सांगितलंय की दासांशी न्यायाने वागा कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे, पण ती ओळ फ्रेममध्ये क्वचितच दिसते.

मठांमध्ये ही कल्पना रोजच्या नियमात उतरली. साधारण इ.स. ५३०च्या सुमारास संत बेनेडिक्टने इटलीत लिहिलेल्या नियमावलीत स्वयंपाकघराचं काम आठवड्याच्या पाळीने सगळ्यांनी करायचं, आणि आठवडा संपताना ज्याची पाळी संपली आणि ज्याची सुरू होणार त्या दोघांनी सगळ्यांचे पाय धुवायचे, शिवाय भांडी स्वच्छ आणि धड परत करायची असं लिहिलंय. महत्त्वाचा निर्णय असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवून विचारावं, कारण देव पुष्कळदा सगळ्यात लहान माणसाला योग्य गोष्ट सुचवतो, हेही त्यातच आहे.

धंद्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. या पंथात पाळक म्हणजे धर्मगुरू नसतो, सभेत मतदान होत नाही, सगळ्यांचा कल एका बाजूला येईपर्यंत थांबतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना बराच काळ बंद होती म्हणून ते धंद्यात शिरले, आणि घासाघीस म्हणजे एक प्रकारचं खोटं बोलणं म्हणून एकच भाव ठेवू लागले, आपल्या मंडईत हे किती चाललं असतं देव जाणे. कॅडबरी, रौनट्री, फ्राय हे तिन्ही चॉकलेटवाले क्वेकरच. रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी भावांनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या गर्दीतून कारखाना बाहेर नेला, त्या जागेला बॉर्नव्हिल नाव दिलं, मग कामगारांसाठी मैदानं आली, बागा असलेली घरं आली, १९०० मध्ये ती वसाहत ट्रस्टकडे दिली, १९०६ मध्ये पेन्शन योजना आली. दारूचं दुकान मात्र नाही, आणि लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची. मायबाप मालक म्हणतात तसला हा प्रकार, माया भरपूर पण निर्णय मायबापाचाच.

आणि मग कोकोचं प्रकरण. कॅडबरीचा बराच कोको साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून यायचा, तिथे अंगोलातून आणलेले मजूर नावाला करारावर, प्रत्यक्षात गुलाम होते. १९०१ मध्ये कंपनीच्या कानावर हे आलं, त्यांनी चौकशी केली, माणूस पाठवला, सरकारशी बोलणी केली, पण खरेदी बंद केली थेट १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्राने यावर झोडपलं तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा केला, दावा जिंकलीही, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. माझ्या मते अख्ख्या विषयाचं मर्म याच खटल्यात आहे, डोळ्यासमोरच्या कामगारावर जीव लावणं त्यातल्या त्यात सोपं, दिसत नाही त्याचा हिशोब कोण ठेवतो हा खरा प्रश्न.

'सेवक-नेतृत्व' हा आजचा शब्द रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत अनेक वर्षं काढलेला माणूस, १९७० मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. गंमत म्हणजे ही कल्पना त्यांना सुचली ती हेर्मान हेसे यांच्या कादंबरीतल्या एका नोकराच्या पात्रावरून. त्यांची कसोटी साधी आहे, ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, जास्त स्वतंत्र झाली का.

सहकाऱ्यांमधल्या भांडणासाठी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात पायऱ्या दिल्यात. आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांपुढे मांड. ऑफिसात आपण नेमकं उलटं करतो, पहिल्याच मेलमध्ये साहेबांना सीसी. अर्थात साहेबच त्रास देत असेल तर एकट्याने जाऊन बोल हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो, तिथे थेट तक्रार समितीच बरी.

भारतात हा विचार जास्त करून मिशनच्या संस्थांमधून आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं ब्रीदवाक्य मार्कच्या त्याच १०व्या अध्यायातलं आहे, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवांना तिथे नुसतं जेवू घातलं नाही, छापखाना चालवायला शिकवलं, आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, काम त्यांच्यामागेही चालू राहिलं आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ग्रीनलीफची कसोटी अजून लिहिलीही गेली नव्हती तेव्हाची ही गोष्ट.