हॉलिवूडच्या संवादांतील समलैंगिकतेची सांकेतिक भाषा

समलैंगिकतेचा उघड उल्लेख करायला बंदी होती त्या काळात अमेरिकी चित्रपटांच्या संवादांत रुळलेली आडवळणाची बोली. तिचा मुख्य काळ १९३४ ते १९६८. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली. निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावावरून तिला ‘हेज कोड’ म्हणतात. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. ‘लैंगिक विकृती’ दाखवणे निषिद्ध होतेच, पण तिचे नुसते सूचनही चालत नसे. पटकथा चित्रीकरणाआधीच तपासली जाई. लेखकांपुढे मग ‘लेकी बोले सुने लागे’ हाच मार्ग उरला. वाक्य असे बेतायचे की जाणत्याला कळावे आणि तपासनिसाने बोट ठेवलेच, तर हात झटकता यावेत.

‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) हा याचा नमुना. हॅमेटच्या मूळ कादंबरीत गुप्तहेर स्पेडची सेक्रेटरी भेटायला आलेल्या जोएल कैरोबद्दल स्पष्टच बोलते. चित्रपटात ती स्पेडच्या हातात कैरोचे कार्ड देते, स्पेड ते हुंगतो आणि ती फुलाचे नाव तेवढे सांगते: गार्डेनिया. बाकीचे काम अत्तर करते. याच कथेतला ‘गनसेल’ हा शब्द तर ती छापणाऱ्या मासिकाच्या संपादकालाही चकवून गेला होता. ‘गन’ ऐकून बहुतेकांना तो बंदूकबाज गुंड वाटला. मुळात तो युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेतला, हंसाच्या पिल्लाचा शब्द. अमेरिकेतील भटक्या मजुरांच्या बोलीत वयस्क पुरुषाने लैंगिक संबंधांसाठी बाळगलेला पोरगा, असा त्याचा अर्थ. चुकीचा अर्थ इतका पसरला की पुढे शब्दकोशांतही शिरला.

प्रत्येक वेळी ही युक्ती साधली असे नाही. ‘स्पार्टाकस’मध्ये (१९६०) रोमन सेनानी क्रॅसस स्नान करताना गुलाम अँटोनायनसला विचारतो, तुला कालवे आवडतात की गोगलगायी? आवड ही रुचीची बाब, नीतीची नव्हे, असे तो त्याच्याकडून वदवून घेतो. संवादात शरीराचा एकही शब्द नाही, तरी प्रसंग कापला गेला. १९९१ मध्ये तो परत जोडला तेव्हा ध्वनिमुद्रण हरवलेले होते आणि क्रॅसस साकारणारे लॉरेन्स ऑलिव्हिए हयात नव्हते. अँटोनायनस साकारणाऱ्या टोनी कर्टिस यांनी स्वतःचे संवाद पुन्हा म्हटले, ऑलिव्हिए यांना आवाज दिला अँथनी हॉपकिन्स यांनी.

हात झटकण्याच्या सोयीमुळे काही वाद कायमचे लोंबकळत राहिले. ‘ब्रिंगिंग अप बेबी’त (१९३८) बायकी झगा घातलेला कॅरी ग्रँट उडी मारून आपण अचानक ‘गे’ झाल्याचे ओरडतो. तेव्हा या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ ‘आनंदी’ असा होता, आजचा अर्थ ठरावीक वर्तुळापुरता. ‘बेन-हर’मध्ये (१९५९) मेसालाचे नायक बेन-हरवरचे जुने प्रेम आपण मुद्दाम पेरले, असे पटकथेवर काम केलेले गोर व्हिडाल सांगत, नायकाची भूमिका करणाऱ्या चार्ल्टन हेस्टन यांनी ते साफ नाकारले.

या भाषेचे कौतुक करताना एक विसरले जाते. संकेताने ओळखू येणारी माणसे बहुधा खलनायक, नाहीतर हास्यास्पद असत.

१९६१ मध्ये संहिता सैल झाली. ‘व्हिक्टिम’ या ब्रिटिश चित्रपटाने त्याच वर्षी ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द थेट उच्चारला. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये ‘द चिल्ड्रन्स अवर’ हे नाटक स्त्री-पुरुषांचा त्रिकोण करून पडद्यावर आणले होते. १९६१ मध्ये त्यांनी ते मूळ कथेसह पुन्हा केले. त्यातली मुलगी गाडीत आजीच्या कानाशी लागून दोन शिक्षिकांवरचा आरोप सांगते. आजीचा चेहरा बदललेला दिसतो. मुलगी काय म्हणाली ते मात्र प्रेक्षकाला ऐकू येत नाही.