थंडीचे पडदे मागवताना: आधी माप, मग कापड

थंडी सुरू झाली की फोनवर एकच तक्रार वारंवार येते: ‘पडदे चांगले जाड घेतले, तरी खिडकीपाशी बसलं की पाय गार पडतात.’ अशा वेळी कापड बहुधा उत्तम असते. चुकलेले असते ते माप.

काचेला लागलेली हवा गार होते, जड होते आणि खाली उतरते. पडदा वरून मोकळा आणि खालून आखूड असला की खोलीतली ऊबदार हवा वरच्या फटीतून काचेमागे शिरते, तिथे गार होते आणि खालून थेट पायांवर येते. हे रात्रभर चालू राहते. कापड कितीही जाड घेतले तरी फट तशीच राहिली तर फारसा फरक पडत नाही.

फट राहते कशी? माप काचेचे किंवा चौकटीचे घेतले जाते म्हणून. पडदा खिडकीला नाही, रॉडला लटकतो. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटीमीटर पुढे आणि वर निदान १० ते १५ सेंटीमीटर असावा, म्हणजे कडेने हवा येत नाही आणि दिवसा पडदा सरकवला की काच पूर्ण मोकळी होते. रॉड आधी बसवा, माप नंतर घ्या. रुंदी मोजताना टोकाच्या घुंड्या सोडून द्या. रॉड भिंतीपासून किती पुढे आहे तेही लिहा. तेवढे कापड दोन्ही टोकांना भिंतीकडे वळवता आले तर कडेची फटही बंद होते.

आता चुण्या. रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड हा आमचा नेम आहे. त्याहून कमी घेतले तर पडदा बंद केल्यावर चादर ताणून बांधल्यासारखा दिसतो आणि मधोमध दोन पाख्या (पडद्याचे डावे-उजवे भाग) नीट एकमेकांवर येत नाहीत. खिडकी १२० सेंटीमीटर रुंद आहे असे समजा. तिच्या दुप्पट २४०, म्हणजे ५४ इंची पन्ह्याचे (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, इथे साधारण १३७ सेंटीमीटर) दोन पन्हे पुरतील असे वाटते. पण रॉड १६० चा असेल तर ३२० लागतात, म्हणजे तीन पन्हे. प्रत्येक पाखीला दीड. खिडकीचे माप पाठवले की नेमका हा एक पन्हा कमी पडतो. दुसऱ्यांदा मागवलेले कापड वेगळ्या रंगाईचे निघाले तर छटा जुळत नाही, आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

उंची तीन ठिकाणी मोजा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. फरशी आणि छत समांतर असतातच असे नाही. तिन्ही आकडे पाठवा. टेप स्टीलची वापरा, शिलाईची कापडी टेप वापरून वापरून ताणते. आकड्यापुढे इंच की सेंटीमीटर ते लिहायला विसरू नका. गोल कड्यांच्या पडद्यात कापड रॉडच्या वर थोडे उभे राहते, तो हिशोब आम्ही करतो. तुम्ही फक्त रॉडच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंतचे माप द्या. पडदा फरशीपासून एखादा सेंटीमीटर वर ठेवला की झाडलोट सोपी जाते. त्याहून वर मात्र नको.

‘जुना पडदा पाठवतो, तसाच शिवा,’ असेही बरेचजण म्हणतात. धुतलेला सुती पडदा आटलेला असतो. आधी न आटवलेले सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटते. २१० सेंटीमीटरच्या पडद्यात ४ टक्के म्हणजे ८ सेंटीमीटरहून जास्त, आणि पायाशी फट राहायला तेवढे पुरे. म्हणून जुन्या पडद्यावरून आम्ही कापड कापत नाही. सुती कापड आधी आटवून घेतो आणि खाली रुंद दुमड ठेवतो, म्हणजे पुढे लागलीच तर लांबी सोडता येते.

कात्री लावण्यापूर्वी आम्ही मापे पुन्हा विचारतो, रॉडचा फोटो मागतो. यात एखादा दिवस जातो आणि काहींना ते आवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण आखूड कापलेल्या पडद्याला जोड दिला की ती शिवण दिवसाच्या उजेडात आरपार दिसते. तुमच्या घरात असा जोड लटकलेला आम्हाला नको आहे.

नवे पडदे घ्यायलाच हवेत असेही नाही. जुने पडदे मापात बसत असतील तर आम्ही त्यांना आतून अस्तर लावून देतो. ऊब धरून ठेवते ती कापड आणि अस्तर यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा, म्हणून दोन मध्यम थर एका जाडजूड थरापेक्षा सहसा बरे. मखमल हवी असेल तर लव (कापडावरचे मऊ बारीक तंतू) कोणत्या दिशेला ते आधी ठरवू. वरच्या दिशेला ठेवली की रंग गडद आणि भरलेला दिसतो. दोन पाख्यांची लव उलटसुलट लागली तर एकाच थानाचे कापडही दोन रंगांचे वाटते.

पडदा लागल्यावर सकाळी तो उघडा. ऊन आत येऊ द्या आणि काचेवर साचलेले पाणी पुसा, नाहीतर अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते सहसा निघत नाहीत. हीटर पडद्यापासून निदान एक मीटर दूर हवा, इथे तडजोड नको. दिवे २७०० केल्विनचे लावले तर तेच कापड संध्याकाळी जास्त ऊबदार दिसते. कापडाचा रंग निवडतानाही तो त्याच दिव्याखाली पाहा. त्यासाठी आम्ही नमुन्याचे तुकडे घरी नेऊ देतो.

ऑर्डर देताना रॉडची रुंदी, उंचीचे तीन आकडे, भिंतीपासूनचे अंतर आणि टेप लावलेला एक फोटो पाठवा. रॉड अजून बसला नसेल तर आधी तसे कळवा. तो कुठे बसवायचा हे फोटो पाहून आम्ही सांगू. तोपर्यंत कापड बाजूला काढून ठेवू, पण कापणार नाही.