ग्लेझ आणि स्कम्बल: माजघरातला अंधार रंगवताना

निपाणीतल्या एखाद्या जुन्या घराच्या माजघरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या दोघीतिघी, मागे काळवंडलेली भिंत आणि पुढच्या दारातून येईल तेवढाच उजेड, असे दृश्य तैलरंगात रंगवायला घेतले की ग्लेझ आणि स्कम्बल या दोन्ही थरांची गरज पडते आणि दोहोंची गल्लतही तिथेच होते. दोन्ही थर पातळ असतात, दोन्ही वाळलेल्या रंगावर दिले जातात आणि दोन्हींतून खालचा रंग डोकावत राहतो.

फरक आहे तो प्रकाशाच्या वाटेत. ग्लेझमध्ये पारदर्शक रंग भरपूर माध्यमात, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या तेलात, कालवून उजळ थरावर पसरतात. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचे माप) सुमारे १.४८ आणि अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचा सुमारे १.५, म्हणजे जवळपास सारखाच असल्यामुळे प्रकाश या थरातून जवळजवळ विनाअडथळा जातो, खालच्या उजळ रंगावरून परततो आणि जाता-येता दोनदा गाळला जातो. म्हणूनच ग्लेझने रंग गहिरा होतो, उजळ मात्र कधीच होत नाही. स्कम्बलमध्ये फिका, अपारदर्शक रंग जवळजवळ कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने गडद थरावर घासतात. टिटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा अपवर्तनांक २.५ ते २.७, म्हणजे तेलापेक्षा बराच जास्त असल्याने त्याचे कण प्रकाश विखुरतात आणि तो भाग दुधाळ, किंचित निळसर दिसतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर भासतो, त्याचेही कारण हेच.

त्यामुळे मानेखालची सावली, पदराच्या चुण्यांतला काळोख आणि भिंतीचा कोपरा ही ग्लेझची कामे. हे भाग आधी एक-दोन छटा उजळ रंगवून ठेवावेत आणि पूर्ण वाळल्यावर त्यांवर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) व अल्ट्रामरीन यांचा पातळ थर द्यावा. त्यात चिमूटभर जरी पांढरा मिसळला, तरी सावली राख फासल्यासारखी होते. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चित्रे याच चिमटीने बिघडली आहेत. उजेडाच्या पट्ट्यात तरंगणारी तंबाखूची धूळ किंवा अंधारातून जेमतेम उमटणारी गालाची कड मात्र स्कम्बलनेच साधते. (म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले चित्रकार हळदणकरांचे समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र इथे दाखला म्हणून हमखास पुढे केले जाते, पण ते जलरंगातले आहे आणि तिथले तंत्रच निराळे.)

क्रमही सांभाळावा लागतो. ग्लेझमध्ये तेल जास्त असते, म्हणून कमी तेलाचा स्कम्बल शक्यतो आधी आटोपावा. तेलकट थरावर कोरडा थर चढवला तर पुढे तडे जाण्याचा धोका असतो. शिवाय तैलरंग उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो आणि खानापूरकडच्या दमट, गार पावसाळ्यात या क्रियेला नेहमीपेक्षा अधिक दिवस लागतात. घाई केल्यास ग्लेझ खालच्या रंगात मिसळतो आणि सगळा गाळ होतो.

आणखी एक फसगत वाळल्यानंतर होते. गडद ग्लेझमधले तेल खालच्या थराने शोषले की पृष्ठभाग निस्तेज होऊन प्रकाश विखुरू लागतो आणि तो भाग कुणी स्कम्बल केल्यासारखा करडा दिसतो. अशा वेळी नवा रंग न चढवता, थर वाळल्याची खात्री करून त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा आणि उरलेले तेल मऊ फडक्याने टिपून घ्यावे. मग कोपऱ्यातला मूळ काळोख पुन्हा दिसू लागतो.