उष्णतेला ऊर्जेच्या हिशोबात जागा कधी मिळाली?

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पहिला धडा आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ हा दुसरा. ‘उष्णता’ मात्र दहावीत, मूलद्रव्यं आणि विद्युतधारा ओलांडल्यावर भेटते. मुलांना वाटतं, हे सगळं कुणीतरी एका दमात शोधून क्रमानं मांडून ठेवलंय. खरं तर गती आणि उष्णता ही दोन वेगळी बिऱ्हाडं होती. ती एका छताखाली यायला न्यूटननंतरही दीडशेहून जास्त वर्षं गेली.

गतीचं काम आधी झालं. उतरत्या फळीवरून गोळे सोडून गॅलिलिओनं वेग कसा वाढत जातो ते मोजलं आणि १६३८ च्या ग्रंथात मांडलं. न्यूटननं १६८७ मध्ये बल, वस्तुमान आणि त्वरण यांची सांगड घातली. इथे कुणीतरी भास्कराचार्यांचं नाव काढतोच. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव तालुक्यातलं पाटण लागतं. तिथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्यामुळे आपल्याकडे हा अभिमान जरा जास्तच. पृथ्वी जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, हे त्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहिलं आहे, यात वाद नाही. पण ती ओढ अंतराप्रमाणे किती कमी होते, याचं गणित न्यूटनचं. दोघांना आपापलं श्रेय देता येतं, त्यासाठी व्हॉट्सअॅपवर भांडायला नको.

ऊर्जेचा घोळ जास्त काळ चालला. हलत्या वस्तूचा ‘जोर’ मोजायचा तर वस्तुमानाला वेगानं गुणायचं की वेगाच्या वर्गानं? लायब्निट्झनं १६८६ मध्ये वर्गाची बाजू घेतली. पुढे ग्रॅव्हसांड या डच प्राध्यापकानं पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनं हा प्रयोग उचलून धरला. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला वर्ग आपण परीक्षेसाठी पाठ करतो, तो त्या मातीतून आलेला आहे. या अर्थानं ‘एनर्जी’ हा शब्द थॉमस यंगनं १८०७ मध्ये वापरला, आणि ‘कार्य’ला आजचा नेमका अर्थ कोरिऑलिसनं १८२९ मध्ये दिला.

तोवर छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की दळत होतीच. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून बाबा शाह मुसाफिर दर्ग्यापर्यंत आणायचं, उंचावर चढवायचं आणि तिथून खाली सोडून चक्की फिरवायची. स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर म्हणतात ते हेच. करणाऱ्यांना ना शब्द माहीत होता ना सूत्र. उतार आणि पाण्याचा दाब मात्र पक्का कळत होता. कारागिरी पुढे आणि सिद्धान्त मागे, असं या विषयात वारंवार झालंय.

एक गोष्ट मात्र हिशोबाबाहेर राहिली होती. गिरणीतून ज्वारीचं पीठ उतरतं तेव्हा डबा हाताला चटका देतो. ही ऊब येते कुठून? अठराव्या शतकातलं युरोपातलं उत्तर असं, की उष्णता हा ‘कॅलोरिक’ नावाचा अदृश्य द्रव. तो वस्तूत भरलेला असतो आणि घासलं की बाहेर पडतो. लाव्हाझिएनं तर १७८९ मध्ये तो मूलद्रव्यांच्या यादीतच घातला. रम्फर्डनं म्युनिकमध्ये तोफेच्या धातूवर बोथट सामता (भोक पाडायचं हत्यार) मुद्दाम फिरवत ठेवला आणि भोवतालचं पाणी अडीच तासांत उकळवून दाखवलं. घासत राहा, उष्णता निघतच राहते. मग तो साठवलेला द्रव कसा असेल, असा त्याचा १७९८ मधला सवाल होता. तरीही कॅलोरिक आणखी चाळीसेक वर्षं तगला, कारण रम्फर्डच्या म्हणण्याला पक्का आकडा चिकटला नव्हता.

किती कामाची किती उष्णता होते, तो आकडा ज्यूलनं दिला. मँचेस्टरजवळच्या एका बिअर कारखानदाराचा हा मुलगा. खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते अंशाच्या बारीक भागापर्यंत वाचायचं, हा उद्योग त्यानं १८४० च्या दशकात नेटानं केला. आजच्या मापात त्याचा अर्थ असा: पाणी ४२७ मीटर खाली पडलं आणि सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली, तर ते १ अंश सेल्सिअसनं तापेल. पाच-सहा मीटरच्या उडीत जेमतेम शतांश अंश. म्हणूनच हे कुणाच्या हाताला कधी जाणवलं नव्हतं. पिठाचं उलटं आहे. तिथे ओंजळभर धान्यावर दगड भरपूर काम करतो.

उलट्या दिशेचं, म्हणजे उष्णतेतून काम कसं मिळतं याचं, कोडं त्याआधीच सुटलं होतं, तेही चुकीच्या कल्पनेवर उभं राहून. कॅलोरिक मानणाऱ्या सादी कार्नोनं १८२४ मध्ये वाफेच्या यंत्राची तुलना पाणचक्कीशी केली: पाणी वरून खाली जाताना चाक फिरवतं, तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे जातानाच काम देते. द्रव खोटा ठरला, पण थंड बाजू लागतेच हा निष्कर्ष टिकला. परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा लागतो हे सगळ्यांना दिसतं. वाफ पुन्हा पाणी करायला थंड पाणी लागतं, हे कमी जणांच्या लक्षात येतं. जाळलेल्या कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता विजेत न येता बाहेर सोडावी लागते आणि ती वाहून नेताना पाण्याची वाफ होऊन जाते. २०१३ च्या दुष्काळात तिथले संच बंद ठेवावे लागले, ते या थंड बाजूला पाणी पुरेना म्हणून.